मोठ्या डोसचं व्हिटॅमिन सी सलाईनमधून : कुणाला काही अनुभव, माहिती?

विश्रामबागकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. एरवी मी इथं वाचनमात्र असतो, पण घरात एक वाद पेटलाय म्हणून धागा काढतोय.

मामांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. मिरजेत ऑपरेशन झालं, आजार थोडा लिव्हरमध्येही आहे, आता केमो सुरू आहे. शुगर जुनी, इन्सुलिन चालू. मामेभावाला कुणीतरी सांगलीतल्याच एका 'वेलनेस' सेंटरचा पत्ता दिला. तिथं व्हिटॅमिन सी शिरेतून देतात, २५ ग्रॅमपासून सुरुवात करून ५० पर्यंत नेतात. दहा ड्रिपचं पॅकेज, पैसे आधी. सेंटरवाले म्हणतात, "हे शरीर भरून काढतं, आणि दोन वेळा नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञानं हे सिद्ध केलंय." मामी म्हणते, व्हिटॅमिनच तर आहे, अपाय काय होणार? आणि केमोच्या डॉक्टरांना अजून कुणी विचारलेलंच नाही, कारण "ते नाहीच म्हणणार".

यात खरं किती, खोटं किती आणि धोका किती, एवढं कुणी समजावून सांगेल का? "सगळं थोतांड" किंवा "आमच्या आत्याला गुण आला" असले प्रतिसाद घरात भरपूर मिळालेत.

द्राक्षबाग
५० ग्रॅम?? आम्ही बागंला जीए (घड वाढवायचं संजीवक) मारताना पीपीएम, म्हणजे दहा लाखांत किती भाग, ते मोजतोय, जरा हात जड पडला तर घड वाया जातोय. आणि ही लोकं माणसाच्या शिरंत ग्रॅमनं सोडायलेत?

हळदबाजार
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (हलकेच घ्या. मामांना लवकर बरं वाटू दे.)

औषधपेढी
गणपती पेठेत माझं मेडिकल आहे, तेव्हा आधी हिशोब सांगतो. चघळायची लिमसी किंवा सेलिनची गोळी ५०० मिलिग्रॅमची येते. म्हणजे ५० ग्रॅम म्हणजे शंभर गोळ्या, एका बैठकीत, थेट रक्तात.

गरज किती? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या तक्त्यात मोठ्या पुरुषाला रोज ८० आणि बाईला ६५ मिलिग्रॅम दिलंय. स्कर्व्ही (सी कमी पडून होणारा आजार) टाळायला तर रोज १० मिलिग्रॅमही पुरतं. २००० मिलिग्रॅमच्या वर रोज जाऊ नये, असंही त्याच तक्त्यात आहे. अर्थात ही सगळी निरोगी माणसाच्या तोंडावाटे घ्यायच्या मात्रेची गोष्ट. शिरेतून देतात तेव्हा ते व्हिटॅमिन राहत नाही, औषध होतं. औषधाला लागतात ते सगळे प्रश्न मग त्यालाही विचारावे लागतात.

२०२० साली काउंटरवर काय झालं ते सांगलीकरांना आठवत असेल. एक गृहस्थ तर लिमसीचा अख्खा बॉक्स मागत होते, तोंडाला दोन मास्क आणि हनुवटीवर दोन्ही. साध्या स्वस्त गोळीसाठी भांडणं झाली.

जुना_फळा
मी निवृत्त रसायनशास्त्राचा शिक्षक. "दोन वेळा नोबेल" हे लायनस पॉलिंग. १९५४ चं रसायनशास्त्राचं आणि १९६२ चं शांततेचं. दोन्ही नोबेल एकट्याला, कुणाबरोबर वाटून न घेता मिळालेला आजवरचा एकमेव माणूस. त्यामुळे त्यांचं नाव घेतलं की समोरचा गप्प बसतो. पण लक्षात घ्या, व्हिटॅमिन सी साठी त्यांना नोबेल मिळालेलं नाही. ते मिळालं हंगेरीच्या सेंट-ग्यॉर्गी यांना, १९३७ साली, आणि त्यांनी ते द्रव्य भरपूर प्रमाणात मिळवलं ते चक्क तिथल्या मिरचीतून, पाप्रिकातून.

पॉलिंग यांनी १९७० मध्ये सर्दीवर पुस्तक लिहिलं, ते तुफान खपलं. मग स्कॉटलंडचे सर्जन इवान कॅमेरॉन यांच्याबरोबर १९७६ मध्ये त्यांनी शोधनिबंध छापला: कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातले १०० रुग्ण, रोज १० ग्रॅम सी, आणि तुलनेला जुन्या नोंदींतले १००० रुग्ण. सी घेणारे सरासरी चौपटीहून जास्त जगले, असा दावा.

गोम त्या "जुन्या नोंदींत" आहे. कुणाला औषध द्यायचं हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं. डॉक्टरच्या नजरेसमोरचा रुग्ण आणि फायलीतला रुग्ण यांची गाठ घातली, तर फाईल हरणारच. म्हणून अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं रीतसर चाचण्या केल्या, १९७९ आणि १९८५ मध्ये. निम्म्यांना सी, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. काडीचा फरक पडला नाही. १९८५ च्या चाचणीत तर सगळे मोठ्या आतड्याचेच रुग्ण होते.

पॉलिंग अखेरपर्यंत मानले नाहीत. १९९४ मध्ये ९३ व्या वर्षी गेले, प्रोस्टेटच्या कॅन्सरनं. यावर दोन्ही बाजूंचे लोक टाळ्या पिटतात. एक म्हणतात "९३ जगला बघा", दुसरे म्हणतात "कॅन्सरनंच गेला बघा". एका माणसावरून दोन्हीपैकी काहीच सिद्ध होत नाही.

निसर्गमित्र७१
वा गुरुजी, अर्धीच गोष्ट सांगितलीत! कॅमेरॉन यांनी सुरुवातीला शिरेतून दिलं होतं, मेयोवाल्यांनी फक्त तोंडातून गोळ्या दिल्या. मग गुण कसा येईल? मुद्दाम हरवायची चाचणी होती ती. व्हिटॅमिन सीचं पेटंट मिळत नाही, कंपन्यांना नफा नाही, म्हणून हे दाबलं जातं. केमोचं बिल बघितलंय का कधी?

वाळव्याची_लेक
वाचनखूण साठवली. माझ्या सासूबाईंनाही असंच कुणीतरी सुचवलंय, म्हणून वाचतेय.

आकडेमोड
निसर्गमित्र यांचा पहिला मुद्दा बरोबर आहे, आणि तो जितका मांडला जायला हवा तितका मांडला जात नाही. तोंडातून आणि शिरेतून या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तोंडातून घेतलं की आतडं दारवान असतं. रोज दीडशे-पावणेदोनशे मिलिग्रॅमपर्यंत ते बहुतेक सगळं आत घेतं. एका ग्रॅमच्या वर गेलात की निम्म्याहून कमी शोषतं, उरलेलं पोटात गडबड करतं, आणि आत आलेलं जास्तीचं मूत्रपिंड लघवीवाटे बाहेर टाकतं. अमेरिकेतल्या मार्क लेव्हिन यांच्या गटानं २००४ मध्ये हिशोब मांडला: तोंडानं सोसवेल तितकं दर चार तासांनी घेतलं तरी रक्तातली पातळी २२० मायक्रोमोलच्या आसपास अडते. ५० ग्रॅम शिरेतून दिलं तर ती १३,००० च्या वर जाते. साठेक पट. त्या पातळीला सी उलटं वागतं. एरवी ते ऑक्सिडीकरण थोपवतं, तिथं मात्र हायड्रोजन पेरॉक्साइड तयार व्हायला लागतं आणि प्रयोगशाळेतल्या काही कॅन्सरपेशी त्यानं मरतात. म्हणजे सेंटरवाले जे "शरीर भरून काढतं" म्हणतायत, ते त्यांच्याच औषधाच्या कामाच्या उलट आहे!

आता "दाबलं जातं" याबद्दल. दाबलं असतं तर पुढच्या चाचण्या झाल्याच नसत्या. दोन सांगतो.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठात स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कॅन्सरवर ३४ रुग्ण. निम्म्यांना नुसती केमो, निम्म्यांना केमो आणि आठवड्यातून तीनदा ७५ ग्रॅम सी शिरेतून. २०२४ मध्ये निकाल आला: नुसत्या केमोवाल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले तो काळ) ८.३ महिने, सीवाल्यांचं १६. ऐकायला दणदणीत. पण ३४ म्हणजे आपल्या एसटीत बसतील एवढी माणसं. मोठ्या चाचणीत हे टिकतं का, ते बघावं लागेल.

आणि ही चाचणी विश्रामबागकरांच्या कामाची: चीनमध्ये, पसरलेला मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ४४२ रुग्ण, २०२२ मध्ये निकाल. केमोबरोबर सी, दर किलो वजनाला दीड ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९० ग्रॅम, केमोच्या प्रत्येक फेरीत तीन दिवस. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ सीसह ८.६ महिने, सीशिवाय ८.३. एकूण आयुष्यातही फरक म्हणावा असा नाही. एका विशिष्ट जनुकबदलाच्या रुग्णांत थोडी आशा दिसली, पण नुसत्या एका उपगटाच्या निकालावर घर बांधता येत नाही.

थोडक्यात, मामांच्याच आजारावर, मामांना सांगितलंय त्याच्या जवळजवळ दुप्पट डोस देऊन, मोठी चाचणी झालेली आहे. उपयोग दिसला नाही.

विश्रामबागकर
हे मला हवं होतं. पण मग "फायदा नसला तरी तोटा नाही" या मामीच्या मुद्द्याचं काय?

रात्रपाळी
मी मिरजेत आयसीयूत काम करतो. याचं उत्तर मी देतो, कारण "तोटा काय" या वाक्यानं आमचीही फसगत झाली आहे.

२०१७ मध्ये अमेरिकेतून एक अहवाल आला. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्ग रक्तात भिनून अवयव बंद पडायला लागतात तेव्हा, सी, थायमिन (व्हिटॅमिन बी१) आणि स्टेरॉइड एकत्र दिलं तर मृत्यू कमालीचे घटतात, असा. जगभर आयसीयूंमध्ये लाट आली. स्वस्त आहे, व्हिटॅमिन आहे, द्या. मग रीतसर चाचण्या झाल्या. २०२० च्या चाचणीत फायदा नाही. २०२२ मध्ये 'लोव्हिट' नावाची मोठी चाचणी आली, ८७२ रुग्ण, नुसतं सी, दर सहा तासांनी किलोला ५० मिलिग्रॅम, चार दिवस. अठ्ठाविसाव्या दिवशी मृत्यू किंवा अवयव अजून मशिन वा औषधाच्या आधारावर, असे रुग्ण सी गटात ४४.५ टक्के आणि खोट्या औषधाच्या गटात ३८.५ टक्के. वाईट. जे निरुपद्रवी म्हणून दिलं, त्यानं नुकसान झालेलं दिसलं. कोविडमध्येही शिरेतून देऊन पाहिलं, उपयोग नाही.

आता कॅन्सरच्या रुग्णांना शिरेतून देताना तीन गोष्टी बघाव्याच लागतात.

मूत्रपिंड. सीचा काही भाग शरीरात ऑक्सलेट होतो, त्याचे खडे बनतात, आणि आधीच कमजोर किडनीत ते साचून किडनी बंद पडल्याच्या नोंदी आहेत. जुनी शुगर म्हणजे क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघितल्याशिवाय हातच लावायचा नाही.

जी-सिक्स-पी-डी. हे एन्झाइम ज्यांच्यात जन्मतः कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी मोठ्या डोसनं फुटतात. रक्ताची साधी तपासणी आहे. सेंटरनं ती केली का, हे विचारा. उत्तरावरून बरंच कळेल.

आणि तिसरी, जिच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलो: ग्लुकोमीटर. घरातल्या बऱ्याच मीटरच्या पट्टीला ग्लुकोज आणि व्हिटॅमिन सी यांतला फरक कळत नाही. दोन्ही पट्टीवर इलेक्ट्रॉन सोडतात, मीटर ते मोजतो. ड्रिपनंतर काही तास साखर खरी १२० असली तरी मीटर तीनशे-चारशे दाखवू शकतो. किडनी मंद असेल तर आणखी जास्त वेळ. घरातलं माणूस घाबरून इन्सुलिन टोचतं, आणि खरी साखर धाडकन खाली. केमोत जेवण आधीच कमी झालेला माणूस, रात्रीची वेळ. मी जास्त वर्णन करत नाही.

मामा इन्सुलिनवर आहेत. सेंटरनं हे सांगितलं का?

विश्रामबागकर
नाही. शुगर आहे का, एवढंही विचारलं नाही म्हणे. फॉर्मवर नाव, वय, मोबाईल आणि "पॅकेज कोणतं".

द्राक्षबाग
बाब्बो.

निसर्गमित्र७१
रात्रपाळी साहेब, माहिती चांगली दिलीत, मान्य. पण एक सांगा. लोक सेंटरकडं का जातात? तुमच्या ओपीडीत चार तास बसून दोन मिनिटं मिळतात. सेंटरवाला तासभर बोलतो, चहा विचारतो, पेशंटला "काका" म्हणतो.

रात्रपाळी
याला माझ्याकडे उत्तर नाही. खरं आहे ते.

सांगलीची_सुगरण
जरा अवांतर विचारते. सर्दीला गोळ्या चालतात ना? आमच्याकडं पाऊस सुरू झाला की डब्यात टिफिनबरोबर एक केशरी गोळी ठरलेली.

आकडेमोड
सर्दीवर भरपूर काम झालंय. कॉक्रेनचा (चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा) २०१३ चा आढावा: रोज घेतलं तरी सर्वसामान्य माणसाला सर्दी व्हायची ती होतेच, अकरा हजारांहून जास्त लोकांचा हिशोब आहे. कालावधी मात्र थोडा घटतो, मोठ्यांत ८ टक्के, मुलांत १४. सर्दी झाल्यावर गोळ्या सुरू केल्या तर तेवढाही भरवसा नाही. गंमत अशी की मॅरेथॉन धावणारे, बर्फात राबणारे सैनिक अशा लोकांत रोजच्या गोळीनं सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं. तुमची पोरं शाळेत चालत जात असतील तर ती त्यात धरू नका.

कोविडवरही २०२१ मध्ये अमेरिकेत चाचणी झाली, रोज ८ ग्रॅम सी, वेगळ्या गटाला झिंक, २१४ जण. लक्षणं काही लवकर गेली नाहीत. चाचणी मध्येच थांबवली.

औषधपेढी
ताई, एखादी गोळी काही बिघडवत नाही. पण ती चघळायची असते आणि आंबट असते, दातांवरचं आवरण झिजतं, म्हणून नंतर चूळ भरायला सांगा. पाण्यात फसफसणारी घेत असाल तर तिच्यात मिठात असतं ते सोडियम असतं. घरात बीपीवाले असतील त्यांना देऊ नका. आणि ज्यांना एकदा मुतखडा झालाय त्यांनी रोज हजार मिलिग्रॅम घेणं बंद करा. स्वीडनमध्ये पुरुषांच्या पाहणीत सीच्या गोळ्या घेणाऱ्यांत खड्याचं प्रमाण दुपटीच्या आसपास दिसलं होतं.

सांगलीची_सुगरण
मग मंडईतला पेरू बरा. गोळी नको की काही नको.

औषधपेढी
शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या वर असतं, एका पेरूत अडीच दिवसांचं काम. आवळ्यात त्याहून जास्त. शेवग्याच्या पाल्यातही भरपूर, फक्त परतून परतून काळा केला तर जातं. आमच्या भागातले द्राक्षबागायतदार नाराज होतील, पण द्राक्षात फारसं नसतं.

द्राक्षबाग
आम्ही गोडीवर विकतो ओ, व्हिटॅमिनवर नाही 🙂

हळदबाजार
हळदीचं काढू का आता? 'कर्क्युमिन कॅप्सूल'...

आकडेमोड
नको! वेगळा धागा काढा. तिथं यार्डातले सगळे व्यापारी येतील.

मामेभाऊ_सांगली
मी तोच मामेभाऊ. दादानं लिंक पाठवली, सगळं वाचलं. नवीन खातं काढलंय.

मला कुणी मूर्ख समजू नये. मी इंजिनीअर आहे, चाचणी म्हणजे काय ते मला कळतं. पण तुम्ही घरात नाही. बाबांचं वजन उतरलंय, शर्टाच्या कॉलरमध्ये मान फिरते. थंड पाण्याला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणून नळाखाली हात धरत नाहीत, आई कोमट पाणी घेऊन मागं मागं फिरते. केमोच्या दिवशी परत येताना गाडीत एक शब्द बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, "रिस्पॉन्स चांगला आहे." असेल. पण मला स्वतःला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. सेंटरवाल्यानं "करू या" असं म्हटलं, एवढंच. ग्लुकोमीटरचं मात्र मला माहीत नव्हतं. बाबांना रात्रीचं इन्सुलिन मीच टोचतो.

रात्रपाळी
भाऊ, तुम्हाला कुणी मूर्ख म्हणत नाहीये. थंडाला झिणझिण्या हा आतड्याच्या केमोतल्या ऑक्झालिप्लॅटिन या औषधाचा ठरलेला त्रास आहे. तो डॉक्टरांना सांगितलात का? बरेच पेशंट "असणारच" म्हणून सांगत नाहीत. वाढत गेला तर डोस कमी करतात किंवा ते औषध थांबवतात, नाहीतर तो कायमचा राहू शकतो. वजनाचंही सांगा. तुम्हाला करण्यासारखं काय, तर हे लिहून न्या: कोणत्या दिवशी किती खाल्लं, झिणझिण्या किती तास राहिल्या, साखर किती. कागद समोर ठेवलात की दोन मिनिटांत बरंच होतं.

आणि ड्रिपचंही विचाराच. "नाहीच म्हणणार" तर म्हणू देत, पण का, ते ऐका. घरात लपवून कुठलंही औषध देऊ नका, केमो चालू असताना तर नाहीच.

सांगलीची_सुगरण
वजनासाठी: माझ्या सासऱ्यांच्या वेळी तीन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन तासांनी थोडं थोडं दिलं. मऊ खिचडी वरून तूप, अंडं चालत असेल तर अंडं, नाचणीची पेज, ताकातली भाकरी. पदार्थ गरम असण्यापेक्षा कोमट बरे, वासानं होणारी मळमळ कमी होते. शुगर आहे म्हणून आहारतज्ज्ञांना एकदा दाखवा. फळं, कच्चं सॅलड मात्र केमोनं पांढऱ्या पेशी कमी असतील त्या दिवसांत डॉक्टरांना विचारूनच. पेरूचं मी वर म्हटलं ते निरोगी माणसांसाठी.

निसर्गमित्र७१
मामेभाऊ, मी इतका वेळ भांडलो, तरी एक सांगतो. ज्या ठिकाणी शुगर विचारली नाही तिथं मीसुद्धा माझ्या माणसाला नेणार नाही. निसर्गोपचारवाले आम्हीही आधी सगळं विचारतो.

मामेभाऊ_सांगली
पुढच्या केमोच्या आधी डॉक्टरांची वेळ घेतलीय, आई पण येतेय. एक अडचण आहे. निम्मे पैसे भरून झालेत. ड्रिप एकही झालेलं नाही. परत मागितले तर "नॉन-रिफंडेबल" म्हणतात.

औषधपेढी
पावती आहे का? तिच्यावर काय लिहिलंय बघा. नोंदणीकृत डॉक्टरनं पैशाच्या पावतीवरसुद्धा आपला नोंदणी क्रमांक छापायचा असतो, तसा नियम आहे.

मामेभाऊ_सांगली
बघितली. वर सेंटरचं नाव, खाली "वेलनेस सर्व्हिसेस" आणि रक्कम. डॉक्टरचं नाव नाही, क्रमांक नाही, औषधाचा उल्लेखही नाही.

औषधपेढी
मग आधी पावतीचा आणि त्या पॅकेजच्या कागदाचा फोटो काढून ठेवा. व्हॉट्सॲपवर त्यांनी डोस, आजार, काही लिहिलं असेल तर तेही पुसू नका. पैसे परत हवेत हे त्यांना लेखी कळवा, तोंडी नको, आणि ड्रिप देणाऱ्या डॉक्टरचं नाव व नोंदणी क्रमांक त्याच पत्रात विचारा. बहुतेक वेळा एवढ्यानंच सूर बदलतो. नाहीच बदलला तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, तक्रारीला वकील लागतोच असं नाही. मसुदा लागला तर मला निरोप टाका, दुकान बंद केल्यावर लिहून देतो.